नवीन योक आला आणि माझं लँडिंगच बिघडलं, असं का होतं?

घरच्या कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे सिममध्ये, जुन्या जॉयस्टिकवर मी दोन वर्षं सेसना १७२ हे छोटं विमान बऱ्यापैकी उतरवत होते. बऱ्यापैकी म्हणजे काय, तर चाकं आधी टेकायची आणि विमान रनवेवरच राहायचं, एवढंच, पण आपलं आपल्याला बरं वाटतं ना. मग हौसेने योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंगसारखं हँडल, घेतला, टेबलाला क्लॅम्पने घट्ट आवळला, हात ठेवला तर एकदम खऱ्या कॉकपिटमध्ये बसल्यासारखं वाटलं, आणि पहिल्याच अप्रोचला, म्हणजे रनवेकडे उतरत येताना, विमान झोपाळ्यासारखं वरखाली करायला लागलं. पाच प्रयत्न केले, पाचही वेळा बेडकासारख्या उड्या. पहिला विचार अर्थातच हा की पीस खराब निघाला, परत करून टाकू. पीस ठणठणीत होता. गडबड वेगळीच होती आणि ती समजून घेताना मला पहिल्यांदा कळलं की घरातला कंट्रोल आणि विमानातला कंट्रोल दिसायला सारखे असले तरी काम एकदम वेगळं करतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून. योक असो, स्टिक असो, पायाने दाबायची पेडल असो, ते कॉम्प्युटरला फक्त एक आकडा पाठवतात. तुम्ही योक इतका ओढलात, हा घे आकडा, बस. सिम तो आकडा घेतं, त्याप्रमाणे विमानाचं एलेव्हेटर, म्हणजे नाक वरखाली करणारी शेपटीवरची आडवी फळी, हलवतं, स्क्रीनवर नाक वर जातं. उलट दिशेने तुमच्या हाताकडे काहीच येत नाही. हाताला जो जोर लागतो ना, तो आत बसवलेल्या स्प्रिंगचा असतो, आणि त्या बिचाऱ्या स्प्रिंगला विमान जमिनीवर उभं आहे की ११० नॉट्सने (नॉट हे विमानाच्या वेगाचं एकक) उडतंय की स्टॉल व्हायला, म्हणजे पंखांची उचल जायला, आलंय याचा पत्ताच नसतो.

खऱ्या छोट्या विमानात नेमकं उलटं आहे. तिथे योकपासून शेपटीपर्यंत केबल जाते, शेपटीवरच्या एलेव्हेटरवर हवा दाबते आणि तो दाब केबलमधून थेट पायलटच्या हातात येतो. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. म्हणून वेगात असताना योक कडक लागतो, इंचभर हलवायलाही जोर पडतो, आणि वेग कमी झाला की तोच योक लुळा पडतो, वाट्टेल तेवढा ओढा, विमान आळसावल्यासारखं उत्तर देतं. पायलटला वेग मीटरवर तर दिसतोच, पण हातालाही कळतो. विमान पार्क केलेलं असेल तर सेसनाचा योक मधोमध थांबतसुद्धा नाही, एलेव्हेटरच्या स्वतःच्या वजनाने तो पुढे सरकून पडलेला असतो. तिथे मधोमध आणणारी स्प्रिंगच नसते, जे काही आहे ते हवेचं.

म्हणजे खरं विमान तुमच्याशी जोराच्या भाषेत बोलतं आणि घरचा योक जागेच्या भाषेत, हा सगळा घोळ आहे. यावरून एक मजेशीर गोष्ट आठवली, एफ-१६ फायटरची साइड स्टिक, म्हणजे बाजूला बसवलेली स्टिक, सुरुवातीला अजिबात हलायचीच नाही, फक्त हाताचा जोर मोजायची, कारण जोर कळला की झालं की, हलायची गरज काय असा विचार होता. पायलटना ते विचित्र वाटलं, आपण किती दाबतोय याचा अंदाजच येईना, मग तिला अगदी थोडीशी, पाव इंचाच्या आसपास हालचाल दिली. तर हाताला दोन्ही लागतं, जागा पण आणि जोर पण, आणि आपल्याकडे घरी त्यातलं एकच आहे.

आता ट्रिम, म्हणजे हाताने धरून न ठेवता नाक हवं तिथे राहावं याची सोय. इथे मात्र जरा थांबून वाचा कारण माझं लँडिंग नव्वद टक्के इथेच बिघडलं होतं.

समजा तुम्ही वेग कमी केला, नाक खाली जायला लागलं, म्हणून तुम्ही योक थोडा ओढून धरला. खऱ्या विमानात तुम्हाला आता हातात सतत ओढ जाणवत राहते. मग तुम्ही ट्रिमचं चाक फिरवता, त्याने एलेव्हेटरच्या मागच्या कडेला असलेली छोटी पट्टी खाली होते, हवा त्या पट्टीला वर ढकलते आणि पट्टी पूर्ण एलेव्हेटरला वर धरून ठेवते. म्हणजे तुमच्या हाताचं काम आता ती पट्टी करते. चाक फिरवता फिरवता हातातली ओढ कमी होत होत शून्यावर येते, आणि योक मात्र जिथे होता तिथेच राहतो. हात हलला नाही, फक्त जोर गेला. तुम्ही हात काढून घेतला तरी योक तिथेच आणि विमान तसंच.

घरी काय होतं? घरी तुम्ही योक ओढून धरलाय, ट्रिम फिरवलं, पण स्प्रिंगला ट्रिम बिम काही माहीत नाही, ती तितक्याच जोराने ओढत बसते. बहुतेक सिममध्ये हिशोब असा असतो की योकची जागा अधिक ट्रिम म्हणजे एकूण एलेव्हेटर, तर तुम्ही हात तिथेच ठेवून ट्रिम वाढवलंत की दोन्हीची बेरीज होऊन नाक आणखी वर जातं, तुम्ही दचकून योक पुढे ढकलता, नाक खाली, मग परत ओढता, आणि मग तोच झोपाळा. घरची रीत वेगळी आहे, ट्रिमचा एक छोटा टप्पा द्यायचा आणि तेवढाच योक स्प्रिंगच्या दिशेने सैल सोडायचा, परत एक टप्पा, परत थोडा सैल, असं करत करत योक मधोमध यायला हवा आणि नाक मात्र हललं नाही पाहिजे. खऱ्या विमानात जोर विरघळतो, घरी जागा विरघळते. हे एकदा हाताला कळलं की अर्धी लढाई झाली, पण कुठल्याच डब्यातल्या कागदावर हे लिहिलेलं मला दिसलं नाही, तिथे आपलं क्लॅम्प कसा लावायचा याची चार चित्रं.

जुन्या जॉयस्टिकवर हे का जाणवलं नव्हतं? कारण ती इतकी मऊ होती की मी ट्रिम जवळजवळ वापरतच नव्हते, मनगटाने धरून ठेवायचे, चालून जायचं. नवीन योकची स्प्रिंग दमदार, दहा मिनिटांत हात भरून यायचा, म्हणून ट्रिमकडे वळले आणि ते चुकीचं करत होते.

गंमत म्हणजे तुम्ही एअरबस उडवणारे असाल तर हा प्रश्नच येत नाही. ए३२० चं पहिलं उड्डाण १९८७ चं, फ्लाय-बाय-वायर (केबलऐवजी कॉम्प्युटर आणि विजेच्या तारांनी चालणारे कंट्रोल) आणि साइड स्टिक असलेलं प्रवासी विमान, आणि त्याची स्टिक खऱ्या विमानातही स्प्रिंगचीच आहे, हवेचा जोर तिथेही हातापर्यंत येत नाही. स्टिक ओढली की कॉम्प्युटर समजतो, नाक वर न्यायचंय, सोडली की समजतो, आहे तसंच ठेवायचंय, आणि ट्रिम तो स्वतःच करतो. त्यामुळे साधी स्प्रिंगवाली स्टिक घेऊन घरी ए३२० उडवली तर ते सेसना किंवा ७३७ पेक्षा खऱ्याच्या जास्त जवळ जातं. बोईंगने ७७७ मध्ये फ्लाय-बाय-वायर घेतलं पण योक ठेवला आणि त्यात मुद्दाम कृत्रिम जोर घातला, म्हणजे दोन कंपन्यांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरं दिली. तर योक घ्यावा की स्टिक हा वाद लोक फार घालतात, मला विचाराल तर तुम्ही जे विमान सगळ्यात जास्त उडवता त्यात जे आहे ते घ्या, आणि सगळंच थोडं थोडं उडवत असाल तर स्टिक, जागा कमी लागते.

सेन्सरचं थोडक्यात सांगते. स्वस्त कंट्रोलमध्ये पोटेन्शियोमीटर असतो, रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा, एक पट्टी आणि तिच्यावर घासत जाणारा काटा. घासत असल्यामुळे झिजतो, धूळ बसते, आणि मग काहीही न हलवता आकडा थरथरायला लागतो. दुसरा प्रकार हॉल सेन्सर, एडविन हॉल नावाच्या माणसाने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर चालतो, लोहचुंबक जवळ लांब गेलं की व्होल्टेज बदलतं, घासणारं काही नाहीच त्यामुळे झिजण्याचाही प्रश्न नाही. परवडत असेल तर हॉलवालाच घ्या. पुढचा शब्द बिट्स. ८ बिट म्हणजे पूर्ण हालचालीचे २५६ टप्पे, १० बिट म्हणजे १०२४, १२ बिट म्हणजे ४०९६. स्टिक दोन्हीकडे मिळून ४० अंश हलत असेल तर ८ बिटला एक टप्पा साधारण ०.१६ अंशाचा पडतो, १२ बिटला ०.०१ च्या आसपास. त्यापुढे १६ बिट, ६५,५३६ टप्पे, डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले असतात पण त्याआधी तुमच्या हाताची थरथरच जास्त निघते, तेव्हा त्यावर जीव टाकू नका.

त्यापेक्षा मधला खाचा बघा. काही योक आणि स्टिकना मधोमध आले की हलकासा टक् असा अडकाव असतो, आणि तिथून बाहेर काढायला सुरुवातीला जरा जास्त जोर लागतो, मग सुटला की एकदम सुटतो. विमान उडवताना नव्वद टक्के काम त्या मधल्या दोनचार मिलिमीटरमध्येच चालतं, आणि नेमकं तिथेच हे अडकणं. दुकानात हातात घेऊन बघायची संधी मिळाली तर बाकी दिवे बटणं बाजूला ठेवा, योक मधून अगदी केसभर ओढून बघा, गुळगुळीत निघतो का झटका देतो. आणि लांबी. १० सेंटीमीटरची स्टिक २० अंश वाकवली तर हात साधारण साडेतीन सेंटीमीटर हलतो, ३० सेंटीमीटरची असेल तर साडेदहा, म्हणजे तेवढ्याच कोनासाठी हाताला तिप्पट जागा, अचूकता आपोआप वाढते. म्हणूनच लोक स्टिकला एक्स्टेन्शन लावून जमिनीजवळ बसवतात. योकचंही तेच, एकूण ९० अंश फिरणारे असतात आणि १८० अंश फिरणारेही, जास्त फिरणाऱ्यावर पंख सरळ ठेवणं सोपं जातं, हनीकोंब कंपनीचा अल्फा योक असा १८० वाला आहे.

मग सेटिंगमध्ये जाऊन सेन्सिटिव्हिटी कर्व्ह. इथे प्रत्येकजण पहिल्या दिवशी हात घालतो, मीपण घातला. कर्व्हचं काम असं की योकची हालचाल आणि एलेव्हेटरची हालचाल यांचं सरळ नातं वाकवायचं, मधे मंद आणि टोकाला जलद. ऐकायला मस्त, मधे हळुवार झालं की विमान शांत उडेल. उडतंही. पण हा हळुवारपणा फुकट मिळत नाही, टोकाकडून उसना घेतलेला असतो. एक नेहमीचा कर्व्ह घ्या ज्यात मधला प्रतिसाद निम्मा केलाय, तर पहिले १० टक्के ओढल्यावर एलेव्हेटर फक्त ५ टक्के जातं, पण शेवटच्या १० टक्क्यांत मात्र ते १८-१९ टक्के जातं. आणि सेसनाच्या लँडिंगला, चाकं टेकायच्या आधी वेग कमी होत असताना योक कुठे असतो? बराच मागे ओढलेला, म्हणजे नेमका त्या तीव्र भागात. वर आकाशात लोण्यासारखं उडणारं विमान रनवेच्या पाच फूट वर एकदम उडी मारतं ते यामुळे. माझं मत, आधी कर्व्ह शून्य, पूर्ण सरळ रेषा, आणि एक आठवडा तसंच उडवा. मग गरज वाटली तर थोडासा द्या. आखूड स्टिकला गरज वाटतेच, लांब योकला बहुतेक वेळा नाही.

डेडझोन म्हणजे मधल्या एवढ्या भागात काही हललं तरी दुर्लक्ष कर असं सिमला सांगणं. थरथरणाऱ्या सेन्सरला औषध म्हणून ठीक आहे, पण मोठा ठेवलात तर मधून काढताना विमान आधी ऐकतच नाही आणि मग अचानक ऐकतं, म्हणजे वर सांगितलेला खाचा आपणच परत तयार केला. एक-दोन टक्के पुरे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये याशिवाय रिॲक्टिव्हिटी नावाचं एक आहे, ते कमी केलं की तुमचा हात सिमपर्यंत जरा उशिरा पोचतो, आणि एक्स-प्लेन या दुसऱ्या सिममध्ये स्टॅबिलिटी ऑगमेंटेशन आहे, ते वाढवलं की सिम तुमच्या हाताला गुपचूप आवर घालतं. दोन्ही मी हात न लावता ठेवलेत, कारण आधीच घरच्या सेटअपमध्ये उशीर कमी नाही.

हा उशीर महत्त्वाचा आहे. तुम्ही ओढता, योक आकडा पाठवतो, सिम हिशोब करतं, स्क्रीन चित्र दाखवते, डोळे बघतात, मग हात पुढची दुरुस्ती करतो. सेकंदाला २० चित्रं येत असतील तर प्रत्येक चित्र ५० मिलिसेकंद टिकतं, ६० येत असतील तर १७ च्या आसपास. त्यात खऱ्या पायलटला पाठीला, पोटात, सीटखाली जे जाणवतं की विमान वर निघालंय, ते आपल्याला अजिबात नाही, आपल्याला फक्त डोळे. मग दुरुस्ती उशिरा होते, उशिरा म्हणून जास्त होते, जास्त म्हणून उलटी करावी लागते. विमानशास्त्रात याला पायलटनेच तयार केलेलं हेलकावणं म्हणतात, खऱ्या पायलटांनाही होतं. त्यावर उपाय थोडा विचित्र आहे, हात थांबवायचा. छोटा धक्का द्यायचा, एक सेकंद बघायचं, मग पुढचा. आणि नवीन कंट्रोल जोडून उडवायच्या आधी ग्राफिक्स एक पायरी खाली आणा, ढग जरा कमी सुंदर दिसतील पण हात शिकेल.

जोडणीबद्दल. खरे पायलट उडायच्या आधी चेकलिस्टमध्ये एक ओळ वाचतात की कंट्रोल मोकळे आणि बरोबर आहेत, आणि तेव्हा सगळे कंट्रोल टोकापर्यंत फिरवून बघतात. घरी हेच करा, बाहेरचा कॅमेरा लावा, योक उजवीकडे फिरवला की उजव्या पंखाचं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी फळी) वर आणि डाव्याचं खाली, योक ओढला की एलेव्हेटर वर, उजवं पेडल दाबलं की रडर (शेपटीची उभी हलणारी फळी) उजवीकडे. एकही उलटं असेल तर जमिनीवरच कळेल. सगळ्यात कॉमन भूत म्हणजे डबल असाइनमेंट, नवीन पेडल जोडली की सिम स्वतःहून त्यांना रडर देतं पण जुन्या जॉयस्टिकचा पिळायचा रडर तसाच राहतो, मग दोन उपकरणं एकाच रडरवर भांडतात आणि विमान वेड्यासारखं करतं. जुनं उपकरण काढून टाका किंवा त्याचे ॲक्सिस, म्हणजे सिममधल्या हालचालींच्या जोडण्या, रिकामे करा. आणि ब्रेक! बऱ्याच पेडलांचा ब्रेकचा ॲक्सिस उलटा येतो, पाय न लावता पूर्ण ब्रेक आणि दाबला की सुटतो. मी पूर्ण थ्रॉटल, म्हणजे इंजिनची पूर्ण ताकद, देऊन रनवेवर बसले होते, इंजिन बोंबलतंय आणि विमान जागचं हलेना, मला वाटलं मिक्स्चरचा (इंधन आणि हवेच्या मिश्रणाचा) काहीतरी प्रॉब्लेम. सेटिंगमध्ये ॲक्सिस उलटा करायचं एक टिकमार्क, बस.

पेडल घ्यावी का? हो, आणि महागड्या योकच्या आधी घ्या, लोक उलटं करतात. एका प्रॉपेलरच्या विमानात टेकऑफला पूर्ण ताकद दिली की नाक डावीकडे ओढलं जातं, इंजिनचा पीळ, प्रॉपेलरची गोल फिरत शेपटीवर आदळणारी हवा, आणि नाक वर असताना प्रॉपेलरच्या खाली येणाऱ्या उजव्या पात्याची जास्त ओढ, सगळं मिळून. त्याला उजवा पाय हेच उत्तर आहे. आणि आडव्या वाऱ्यात उतरताना पंख वाऱ्याकडे आणि पाय विरुद्ध बाजूला, हे एकाच मनगटाने पिळून आणि कलून करणं म्हणजे शिक्षा आहे. फक्त एक, चाकांच्या खुर्चीवर बसून पेडल दाबलीत तर पेडल हलत नाही, तुम्ही मागे जाता. खुर्चीची चाकं अडकवा किंवा पेडल आणि खुर्ची पट्ट्याने एकमेकांना बांधा.

थ्रॉटलचं फार काही नाही, काळी मूठ थ्रॉटल, निळी प्रॉपेलर, लाल मिक्स्चर, हा रंगांचा रिवाज छोट्या विमानांत असतो आणि या मुठींच्या संचावर, म्हणजे बहुतेक क्वाड्रंटवरही तोच, तेवढं पाठ करा.

जोर परत देणारे कंट्रोल आहेत का, तर आहेत. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्येच साइडवाइंडर फोर्स फीडबॅक प्रो काढली होती, आत मोटरी, वेगाप्रमाणे स्टिक कडक मऊ व्हायची. मग बरीच वर्षं घरगुती बाजारात हे मागे पडलं आणि आता मोझासारख्या कंपन्या परत मोटरवाले बेस काढतायत. त्यात ट्रिम फिरवलं की स्टिकचा मध्यबिंदूच सरकतो, म्हणजे खऱ्यासारखं हात तिथेच आणि जोर गायब. महाग आहेत, जड आहेत, टेबल हलवतात. मला हवाय, अर्थात.

तोपर्यंत नवीन स्प्रिंगवाला कंट्रोल आला की पहिल्या दिवशी लँडिंग करू नका, मोह होतो पण नको. वारा शून्य ठेवा, सेसना घेऊन ३००० फुटांवर जा, ट्रिम करा, योक सोडून द्या, विमान स्वतःहून सरळ राहिलं पाहिजे. मग वेग १०० वरून ६५ नॉट्सवर आणा, उंची तीच ठेवा, परत ट्रिम करा, परत हात सोडा. मग परत १०० ला जा. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू, पण चौथ्या पाचव्या वेळेला बोटं आपोआप ट्रिमच्या बटणावर जातात आणि योक मधोमध यायला लागतो. मग त्याच उंचीवर हवेतच रनवे आहे असं समजून फ्लेअर करून बघा, पॉवर पूर्ण कमी, नाक हळूहळू वर, उंची ढळू द्यायची नाही, योक किती मागे जातो ते हाताला मोजू द्या. मला जुन्या स्टिकवरच्या लँडिंगइतकं परत यायला साधारण अकरा दिवस लागले, आणि त्यातले दोन तर तो ब्रेकचा ॲक्सिस उलटा आहे हे कळण्यातच गेले.